डावी कमान

बाळ्या सत्तरीला टेकला होता, पण थोरल्या बहिणीसाठी तो अजून बाळ्याच होता. जन्मभर विजेचे मीटर तपासून तो निवृत्त झाला आणि आक्काची जुनी गाडी उघडून बसला. आक्का डॉक्टर. याच गाडीतून तिने तीस वर्षं आडवाटेच्या वस्त्यांतून अडलेल्या बायकांना दवाखान्यात आणलं होतं. मागच्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण गाडीत बसली की खड्ड्यागणिक कळ मस्तकात जायची. शेवटी तिने बाहेर पडणंच सोडलं. दिवसभर खिडकीशी बसलेली आक्का बाळ्याला बघवेना. तिच्याच गाडीतून तिला पुन्हा घराबाहेर काढायचं, असं त्याने ठरवलं.

इंजिन फारसे आढेवेढे न घेता सुरू झालं. घोडं अडलं ते मागच्या चाकांवरच्या कमानींपाशी, म्हणजे गाडीचा भार आणि हादरे झेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या जुडग्यांपाशी. डावीचे दोन पाटे तुटलेले. त्यात दोन्ही कमानींचं एकमेकींशी काही जुळेना: उजवीचे पाटे जाड, डावीचे पातळ आणि जास्त वाकवलेले. कुणा अर्धवट मेकॅनिकने हाताला लागेल ते ठोकून दिलंय, असं म्हणत बाळ्याने त्या अनोळखी माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग तीन महिने त्याने भंगारबाजार पालथे घातले. अखेर मोडीत निघालेल्या तशाच एका गाडीखाली कंपनीची अस्सल जोडी सापडली. त्या दिवशी स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते.

जोडी बसवली, गाडी छान समतल उभी राहिली. आक्का मागे बसली. पहिल्याच गतिरोधकावर तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"परत फिरव," एवढंच ती म्हणाली. बाळ्याचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने कमानी बनवणाऱ्या, बाजारात सगळे मावशी म्हणत त्या बाईचं दुकान गाठलं. नवऱ्यामागे भट्टी तीच चालवायची. नव्या कमानी मऊ होतील का, एवढंच त्याला विचारायचं होतं. जुन्या सोबत होत्या त्या तिथेच टाकून यायला. मावशीने नव्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तुटकी डावी कमान मांडीवर घेऊन ती पाट्यांच्या कडांवरून अंगठा फिरवत बसली. प्रत्येक पाट्याची कड घासून गोल केलेली, टोकं निमुळती, म्हणजे एकावरून दुसरा न अडखळता सरकावा.

"हे अर्धवट माणसाचं काम नाही हो. जीव ओतलाय यात," ती म्हणाली. "या बाजूला कोण बसायचं?"

बाळ्याने घरी येऊन आक्काला विचारलं.

"पेशंट," आक्का म्हणाली, त्यात सांगण्यासारखं काही नसल्यासारखं. त्यांना हादरे बसू नयेत म्हणून एकच बाजू मऊ करून मागितली, तेव्हा चार कमानवाल्यांनी तिला हसून वाटेला लावलं होतं. पाचव्याने मनावर घेतलं. मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवायचं, कच्च्या रस्त्यावर फेरी मारायची, पाणी सांडलं की कमान उतरवून पाटे पुन्हा घासायचे. अशा अकरा फेऱ्या झाल्या होत्या. दोन्ही कमानी मऊ का नाही केल्या, असं बाळ्याने विचारलं.

"गाडी वळणावर झुलली असती. आणि मला घाई असायची."

इतकी वर्षं एका घरात राहून आपली बहीण केवढी आहे ते आपल्याला कळलं नाही, याची बाळ्याला लाज वाटली आणि छाती अभिमानाने भरूनही आली.

ऐकल्यावर मावशीही इरेला पेटली. तुटकी कमान समोर ठेवून तिने तशीच नवी घडवली. प्रत्येक फेरीला पातेल्याशेजारी स्वतः बसली आणि आठ वेळा भिजली. नवव्या फेरीला कोरडी उतरली.

आक्काला डाव्या कोपऱ्यात बसवून बाळ्या निघाला. गतिरोधक आला तसा त्याने श्वास रोखला. मागून आवाज आला नाही. पुढे खड्डे लागले, तरी नाही.

"थांब जरा," आक्का म्हणाली. बाळ्याने गाडी कडेला घेतली आणि मागे वळून पाहिलं. आक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दुखतंय?"

तिने नकारार्थी मान हलवली. "मी कायम पुढे बसून चालवायचे रे. प्रत्येक खड्ड्यानंतर ओरडून विचारायचे, लागलं का गं? सगळ्या नाही म्हणायच्या. मला वाटायचं, माझं मन राखतायत."