पहिलं बक्षीस

मुक्ती टोकनची सवलत संपायला माझ्या फोनवर सत्तेचाळीस तास बावन्न मिनिटं उरली होती आणि सरिताआत्याच्या फोनवर सत्तेचाळीस तास एकोणसाठ मिनिटं. मी ते पान माझ्या फोनवर सात मिनिटं आधी उघडलं होतं, एवढाच फरक.

आत्याच्या फोनमधली जुनी नोंद पुसून मी पान पुन्हा उघडलं. घड्याळ पुन्हा अठ्ठेचाळीस तासांपासून सुरू झालं.

"काय करून राह्यली?" आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "मोबाईल बिघडवशील माहा."

"मोबाईल ठीक आहे. घड्याळ खोटं आहे."

"कोनचं घड्याळ?"

"प्रफुलनं पाठवलेलं. मुदत कधी संपणार ते दाखवतंय. आपण बघायला लागलो की सुरू होतं."

आत्यानं सुपातला खडा अंगणात टाकला. "म्हंजे म्या पायलंच नाई तं मुदत संपतच नाई?"

"नाही."

"मंग पाहूच नये."

पण न पाहून चालणार नव्हतं. आरमोरीहून आठ किलोमीटरवरच्या आमच्या गावात विहारामागे अभ्यासिकेचं बांधकाम चार वर्षांपासून रखडलं होतं. भिंती उभ्या होत्या, वर छत नव्हतं. कॉलममधून बाहेर आलेल्या सळयांना दोऱ्या बांधून बाया कपडे वाळत घालत. स्लॅबसाठी एकेचाळीस घरांनी जमवलेले तीन लाख साठ हजार रुपये बँकेत होते. रविवारच्या सभेत ते सगळे मुक्ती टोकन या नव्या आभासी चलनात गुंतवायचे, असं समितीत जवळपास ठरलं होतं. तीन महिन्यांत तिप्पट होणार, मग स्लॅब तर पडेलच, वर दहा कॉम्प्युटर येतील, असं प्रफुलनं सांगितलं होतं.

चेकवर दोन सह्या लागत. अध्यक्ष देवरावभाऊंची सही होऊन गेली होती. कंपनीच्या इंग्रजी नावाचं स्पेलिंग कोणाला नीट येत नव्हतं, म्हणून नावाची जागा त्यांनी कोरी सोडली होती. ते चंद्रपूरहून येणारे कंपनीचे पियुष सर सांगणार होते. दुसरी सही कोषाध्यक्षाची, म्हणजे आत्याची. ती बाकी होती.

प्रफुल माझा विद्यार्थी. बारावी सायन्सला मी त्याला रसायनशास्त्र शिकवलं होतं. आता चंद्रपूरला राहायचा आणि 'मुक्ती परिवार' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवायचा. मागच्या सभेत तो म्हणाला होता, "बँकेनं आपल्या आज्याले कधी दारात उभं केलं का? मंग आपनच आपली बँक काऊन बनवू नये?" आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते वाक्य खरं होतं. म्हणूनच ते तिथं ठेवलेलं होतं.

मी ग्रुपवर एकच प्रश्न विचारला: आज घेतलेलं टोकन आजच विकून कोणी दाखवू शकेल का?

एका अनोळखी क्रमांकावरून उत्तर आलं, की अशा निगेटिव्ह लोकांमुळेच समाज मागे राहिला. त्याखाली चौदा अंगठे. अकराव्या मिनिटाला मला ग्रुपमधून काढलं. मग प्रफुलचा फोन आला.

"मॅडम, तुमी काऊन असं विचारता सगळ्यासमोर?"

"मग कुठे विचारू?"

"पर्सनलवर."

"पर्सनलवर उत्तर देशील?"

"पियुष सरले विचारून सांगतो."

सांगितलं नाही. मग मी दोन दिवस कॉलेजातून आल्यावर वही घेऊन बसले. या टोकनांच्या खरेदी-विक्रीची नोंद इंटरनेटवर उघडी असते, कोणालाही वाचता येते. माणसाचं नाव नसतं, पण त्याच्या डिजिटल पाकिटाचा लांबलचक क्रमांक असतो. मी प्रत्येक क्रमांकाची शेवटची चार अक्षरं उतरवून घेतली. नऊ दिवसांत अकराशे बारा व्यवहार झाले होते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हजारावर लोकांनी विश्वास दाखवला. त्या अकराशे बारांपैकी नऊशे सत्तर व्यवहार चारच पाकिटांमध्ये झालेले होते. पहिलं दुसऱ्याला विकत होतं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं चौथ्याला आणि चौथं परत पहिल्याला. दर वेळी भाव थोडा चढवून.

शनिवारी सकाळी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागे चार वर्तुळं काढून मी हे आत्याला समजावत होते. ती बराच वेळ बाणांवरून बोट फिरवत राहिली.

"पैसा तोच?"

"तोच. नुसता फिरतोय. बाहेरच्याला वाटतं, केवढी झुंबड उडालीये."

आत्या एकदम हसायला लागली. सूप मांडीवरून घसरलं. "अवं पोरी, हे तं बक्षीस झालं!"

मला कळलं नाही.

आत्या एकोणीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत काम करत होती. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपनीच्या गाडीत बसायची, ती होळीच्या सुमाराला परत यायची. घरात त्याबद्दल फार बोललं जात नसे. तीही बोलत नसे. त्या सकाळी बोलली.

"गाण्याले बक्षीस भेटे. मानूस उठून स्टेजपाशी ये, नोट दे, अन् माईकवर पुकारा होये, अमक्या गावच्या अमक्या भाऊंकडून सरिताबाईले शंभर रुपये. तेवढं आयकलं का दुसऱ्याच्या अंगात ये. मी काय कमी हावो का! मंग तिसरा, मंग चवथा. पन पहिला कोनीच उठत नसे. पहिलं उठाले लाज वाटते ना मानसाले. मंग आमचा मॅनेजर काय करे, एक शंभराची नोट आपल्याच मानसाजवळ देऊन त्याले लोकाईत बसवे."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोन सांगते? मले डाऊट आला. म्या त्या नोटेच्या कोपऱ्यावर लाली लावली, ओठाची. तीन दिवसानं दुसऱ्या गावात दुसऱ्याच भाऊंकडून बक्षीस आलं. नोट पायली तं लाली!" तिनं माझी प्रश्नपत्रिका उचलली. "पहिलं बक्षीस घरचंच असते. दुसरं मातर लोकाईच्या खिशातलं."

हेच कळायला मला दोन दिवस लागले होते, तेही इंटरनेट हाताशी असताना.

"उद्या सभेत सांगशील?" मी विचारलं.

तिचा चेहरा बदलला. "नाटकातली बाई म्हनून अर्धं गाव अजून मांगून बोलते. सई केली नाई तं म्हनतील, पोराईच्या अभ्यासिकेले हे बाई आडवी आली. तूच सांग. तू शिकेल हायेस."

रविवारी अकराला वंदना झाली आणि सभा बसली. पियुष सर पांढऱ्या गाडीतून आले. ते बोलले छान. समाज, स्वाभिमान, उद्याची पिढी. मग मनगटावरचं घड्याळ दाखवून म्हणाले, "पण मित्रांनो, वेळ कोणासाठी थांबत नाही. ही संधी आज रात्री बाराला संपते. उद्या भाव दुप्पट."

मी हात वर केला.

"मॅडम, प्रश्न शेवटी घेऊ," प्रफुल घाईनं म्हणाला.

"शेवटी तं चेक जाईल," मागून लटारू मिस्त्री म्हणाला. अभ्यासिकेच्या भिंती त्यानंच बांधल्या होत्या. थोडं हसू उठलं.

पियुष सर देवरावभाऊंकडे वळले. "अध्यक्षसाहेब, अशा शंकांनी कार्यक्रमाचं वातावरण बिघडतं."

देवरावभाऊ सत्तरीचे. दर रविवारी वंदना तेच सांगत. ते सावकाश म्हणाले, "आत्ताच म्हनलं आपन सगळ्याईनं. एहिपस्सिको. म्हंजे या अन् पाहा. बुद्धानं आपला धम्म पारखाले देला, तं तुमचं टोकन काय त्याच्याहून मोठं हाय? पाहू द्या पोरीले."

मी उभी राहिले. माझा आवाज मोठा नाही, त्यामुळे मी कमी बोलायचं ठरवलं होतं. "प्रफुलनं पाठवलेली लिंक ज्यांनी अजून उघडली नाही, त्यांनी आत्ता उघडा. किती वेळ उरलाय, ते वाचा."

आठ जणांनी उघडली. कमळाबाईंनी पहिल्यांदा वाचलं, "अठ्ठेचाळीस तास." मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. आठही फोनवर अठ्ठेचाळीस तास. माझ्या फोनवर त्या वेळी शून्य शून्य शून्य होतं, आणि खाली भाव तोच होता.

"सर तं आज बाराले म्हनत होते," लटारू म्हणाला.

"सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे," पियुष सर म्हणाले.

"असेल," मी म्हटलं. "प्रफुल, तुझी स्वतःची टोकनं आहेत ना? एक विकून दाखव. सगळी नको. एकच."

प्रफुलनं पियुष सरांकडे पाहिलं. मग फोन काढला. बोटानं दाबलं, पुन्हा दाबलं.

"लॉक हाय," तो अखेर म्हणाला. "दोन वर्सं. लॉक-इन पिरियड."

"काय हाय?" आत्यानं विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली होती.

"कुलूप असते सरिताबाई, दोन वर्सं विकता नाई येत."

"नाव मुक्ती, अन् दाराले कुलूप?"

या वेळी हसू मोठं उठलं. पियुष सरांचा चेहरा लाल झाला. "या मॅडमना दर महिन्याला पगार मिळतो. गरीब माणूस पुढे गेला तर यांना बघवत नाही. आपलेच लोक आपले पाय ओढतात!"

हसू थांबलं. दोन-तीन माना माझ्याकडे वळल्या. माझ्या हातातला चार वर्तुळांचा कागद मी खाली घेतला. पगार मिळतो, हे खरं होतं.

तेव्हा आत्या उठली. माझ्या हातातला कागद तिनं घेतला आणि पुढे जाऊन, स्टेजवर उभं राहावं तशी, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली.

"म्या एकोनीस वर्सं नाटकात काम केलं. तुमाले सगळ्याईले मालूम हाय, फकत तोंडावर कोनी म्हनत नाई. आज मीच म्हनतो."

आणि तिनं बक्षिसाची गोष्ट सांगितली. मॅनेजर, लोकांत बसवलेला माणूस, ओठाची लाली, सगळं. मधेच माईकवरच्या पुकाऱ्याची नक्कल केली, तेव्हा देवरावभाऊही हसले. मग कागद उंच धरला.

"हे चार गोल पाहा. माह्या भाचीनं, संघप्रियानं, दोन दिवस बसून काढले. चार जन एकमेकाले तेच टोकन विकून राह्यले, अन् माईकवर पुकारा चालू हाय का हजार लोक आले. हजार नाई आले. मॅनेजर अन् त्याचे तीन मानसं हायेत. दुसरं बक्षीस आपल्या खिशातून पाह्यजे त्याईले."

"आजी," पियुष सर म्हणाले, "हे तंत्रज्ञान आहे, नाटक नाही."

"नाटक कोनचं अन् काय कोनचं, ते मले शिकवू नका."

देवरावभाऊंनी विचारलं, "मंग चेकचं काय करायचं, सरिताबाई?"

आत्यानं पिशवीतून चेकबुक काढलं, जमिनीवर मांडी घातली आणि पेन उघडलं. पियुष सरांना काय वाटलं कोण जाणे. ते पुढे वाकून म्हणाले, "नाव मी सांगतो. एम, यू, के..."

"राहू द्या. हे नाव मले लिहिता येते."

कोऱ्या जागेवर तिनं सावकाश मराठीत लिहिलं, लटारू यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग सही केली आणि चेक मागे पाठवला. तो हातोहात लटारूपर्यंत पोचला. त्यानं वाचला, परत वाचला.

"सिमेंट कधी टाकतोस?" आत्यानं विचारलं.

"बुधवारी सेंट्रिंग लावतो, बाई. पन सळयांवरचे कपडे काढा आधी."

पियुष सरांची गाडी गेली, तेव्हा प्रफुल तिच्यात बसला नाही. विहाराच्या पायरीवर बसून राहिला. मी चप्पल घालत होते.

"मॅडम, माहे ऐंशी हजार हायेत त्यात."

"उद्या पोलीस ठाण्यात जाऊ. नोंदींचे कागद मी देते."

"तिघाईले यात जोडून कमिशन घेतलं म्या. माहं नावबी येईल."

"येईल," मी म्हटलं. मी त्याला खोटा धीर दिला नाही. बारावीतही देत नव्हते.

त्यानं फोन काढला. मग दोन्ही अंगठ्यांनी काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं. 'मुक्ती परिवार'वर माझाच प्रश्न होता, शब्दाला शब्द: आज घेतलेलं टोकन आजच विकून कोणी दाखवू शकेल का? खाली त्यानं स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलं होतं.

मी घरी पोचून चहा ठेवला, तोच त्याचा फोन आला.

"मॅडम, मले चारच मिनिटांत काढलं. ग्रुप मीच चालवत होतो!"

आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला. "पहिला सवाल घरचा होता," ती त्याला म्हणाली. "दुसरा तू टाकला. आता पाय गंमत."

संध्याकाळपर्यंत तोच प्रश्न टाकल्यामुळे आमच्या गावातले नऊ जण त्या ग्रुपमधून काढले गेले होते. दहाव्या कमळाबाई असणार होत्या. त्या मला विचारायला आल्या होत्या, की प्रश्नचिन्ह कुठं असतं मोबाईलमध्ये.