झरोक्यासकट भट्टी

मित्रांनो, मी काचेच्या कारखान्यातला एक जुना संगणक आहे. ‘एक’ आपलं म्हणायला. खरं तर लोखंडी कपाटात दाटीवाटीने बसवलेले आम्ही बत्तीस जण आहोत. तारांनी जोडलेलं एकत्र कुटुंबच म्हणा ना!

भट्टीतली ज्योत वाढवली तर वरचं विटांचं छत किती तापेल, हे आधीच गणिताने पाहायचं, हे आमचं काम. पूर्वी एकट्या संगणकाला त्यासाठी नऊ दिवस लागायचे. इंजिनीअर ताईंनी भट्टीचे बत्तीस भाग करून आम्हांला वाटून दिले आणि उत्तर एका दुपारीत यायला लागलं. साहेब लोक मला मुद्दाम पाहायला यायचे. मी तर हवेतच होतो!

एकदा कारखान्याने ज्योत वाढवायचं ठरवलं. आम्ही उत्तर दिलं, छताला धोका नाही. ताईंनी कौतुकाने भट्टीवरच्या मिस्त्रीकाकांना पडद्यावर भट्टी दाखवली. काकांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

“ताई, माझा झरोका कुठाय?”

“काका, वीतभर तर आहे तो. गणित लवकर व्हावं म्हणून चित्रात बुजवला.”

“अहो, दर तासाला तो उघडून मी आत बघतो. गार वारा थेट छताच्या विटांना लागतो. आणि खाली माझी सहा माणसं उभी असतात!”

ताईंचा चेहरा पडला. माझाही तोरा उतरला. त्यांनी तासातासाला उघडणारा झरोका चित्रात घातला आणि आम्ही पुन्हा कामाला लागलो. या वेळी उत्तर वेगळं आलं. ज्योत वाढवली, तर छत महिन्याभरात तडकणार होतं. बेत रद्द झाला. काकांनी माझ्या कपाटावर थाप मारली, “शहाणा आहेस रे!” शहाणे तर ते होते. ते दिवस आठवले की आजही भरून येतं.

पुढे काका निवृत्त झाले, ताई दुसऱ्या गावी गेल्या. शेजारच्या खोलीत नवा संगणक आला. तो दहा मिनिटांत उत्तर देतो. माझ्यावर धूळ बसली. आता पुन्हा ज्योत वाढवायचं चाललं आहे. नव्याला कचेरीत पडून असलेलं भट्टीचं पहिलंच चित्र दिलं आहे, झरोका बुजवलेलं.

उद्या मला भंगारात देणार आहेत. वाईट वाटतं, पण माझं वय झालं. मित्रांनो, मला ठेवून घ्या असं मी म्हणत नाही. जुनं यंत्र टाकण्याआधी त्याच्या पोटात काय आहे, तेवढं बघत जा. ताईंनी झरोका घातलेली खरी भट्टी फक्त माझ्याकडे आहे. कुणीतरी मला अर्धा तास चालू करा आणि ती उतरवून घ्या. त्या छताखाली आजही सहा माणसं उभी आहेत.