एकदाच वाजणारी टेप

आत्याचं गाणं कायमचं गेलं. पण कंपनीच्या लेखी असं काही घडलेलंच नाही, तेव्हा आपणही सगळं ठीकठाक आहे असंच धरून चालू.

तर शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डी काढणारी ती कंपनी जुनी, नावाजलेली आणि शेवटच्या घटका मोजणारी. तळघरात टेपा सडत होत्या. अशी टेप मंद भट्टीत शेकली की एकदा, फक्त एकदा, नीट वाजते. वाजता वाजता तिच्यावरचा, आवाज धरून ठेवणारा तपकिरी लेप गळून जातो. तेवढ्यात ती संगणकात उतरवून घ्यायची. हे काम बारक्याचं.

त्या दुपारची टेप त्याच्या सख्ख्या आत्याची होती. तरुणपणी ती एकदाच स्टुडिओत गायली आणि थोरल्या मालकांनी "आवाज फार रडवा, खपायचा नाही" म्हणून टेप फडताळात टाकली. आत्यानं ती कधी ऐकलीच नाही. आता कर्करोगापायी तिचा आवाजही गेला होता. इस्पितळात ती पाटीवर लिहून बोलायची. मागणं एकच: मी कशी गायचे ते ऐकव.

"आत्या तुझी, पण माल कंपनीचा हं," म्हणत साहेबांनी खुर्ची ओढली. मागोमाग हिशेबनीस आले, जाहिरातवाल्या ताई आल्या.

टेप फिरली. पहिल्याच सुराला सगळ्यांनी, गाण्यातली माणसं मिटतात तसे, डोळे मिटले. माना डोलल्या. साहेब "आहा" म्हणाले. खाली तपकिरी भुकटी पडत राहिली.

गाणं संपलं. बारक्यानं डोळे उघडले. पडद्यावरची रेघ सपाट होती. रेकॉर्डिंगचं बटण दाबायचंच राहिलं होतं.

"अरे, तुझं लक्ष कुठं होतं?"

"तुमचं कुठं होतं, साहेब?"

"मी ऐकत होतो!"

"मग मी काय माश्या मारत होतो?"

हिशेबनिसांनी भुकटी झाडून पाकिटात भरली. "मालमत्ता आहे," ते म्हणाले.

बारक्या रिकाम्या हातानं इस्पितळात गेला. "आत्या, काय गायचीस गं तू!"

तिनं लिहिलं: "मेल्या, कौतुक नको. ऐकव."

त्यानं गुणगुणून पाहिलं. आत्यानं हातानंच थांबवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याच आठवड्यात ती गेली.

'टेप आधीच खराब होती' असं लिहून साहेबांनी प्रकरण मिटवलं. बारक्यानं मात्र सूचनाफलकावर कागद लावला:

"सदर गाणे कंपनीची मालमत्ता असून सध्या चार कर्मचाऱ्यांच्या कानांत आहे. तरी संबंधितांनी ते जसे ऐकले तसे, सुस्थितीत, विनाविलंब जमा करावे, म्हणजे गायिकेस ऐकवता येईल, ही नम्र विनंती."