भिंतीतल्या भुशाची घुसमट

"काठीनं कोच, पालागा, हातानं नको. खिडकीखाली पोकळी राहिली तर जन्मभर तिथूनच थंडी शिरेल."

शिडी धरून उभ्या असलेल्या तेप्पानाचे हे शब्द मला अजून आठवतात. मित्रांनो, मी एका जुन्या घराच्या भिंतीत भरलेला लाकडाचा भुसा आहे. तुम्ही मला पाहिले नसेल. ज्यांच्या घरात मी राहतो, त्यांनीही मला फारसे पाहिलेले नाही.

माझा जन्म फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या लाकडाच्या वखारीत झाला. पाइनचे ओंडके चिरताना मी करवतीखालून उडालो आणि कचरा म्हणून ढिगात पडलो. युद्ध नुकतेच संपले होते. सीमेपलीकडचे गाव सोडून आलेल्या लोकांना जमिनीचे तुकडे मिळाले होते. तेप्पाना आणि त्याची बायको पालागा त्यांतलीच. पालागाने मला बादल्यांनी वर नेले आणि फळ्यांच्या दोन भिंतींमध्ये ओतले. प्रत्येक बादलीवर ती तीन बोटांनी क्रूस काढी. मग वरून फळी ठोकली गेली आणि माझा उजेड संपला.

पहिल्यांदा मी फार घाबरलो. पण काम मिळाले की अंधारही सोसतो. बाहेर गोठलेले तळे कडकड वाजे, आणि आत त्यांचा तान्हा इल्या उघड्या अंगाने लोळे. स्वयंपाकाची, श्वासांची थोडी ओल माझ्यापर्यंत येई. ती मी पिऊन घेई आणि बाहेरच्या फळ्यांतून हळूहळू सोडून देई. काही वर्षांनी मी खचून खाली बसलो, की तेप्पाना माळ्यावरून नवा भुसा ओती, भिंतीवर थाप मारी आणि विचारी, "भरलं का रे पोट?" त्या थापेची मी वाट पाहत असे.

तेप्पाना देवाघरी गेला. थाप थांबली. मी खचत गेलो, छताजवळ पोकळी झाली आणि तिथून थंडी उतरू लागली. "भुशाची भिंत, दुसरं काय होणार!" असे लोक म्हणत. मी ऐकून घेई.

मग एका वर्षी घर तापवायचे तेल महागले. त्याच हिवाळ्यात तळ्यावरच्या वाफेच्या न्हाणीकडे जाताना पालागा बर्फावरून घसरली. आमच्याकडे शनिवारची वाफ घेतल्याशिवाय आठवडा संपत नाही. पडली तरी ती लंगडत गेलीच. इल्या आता शहरात राहत होता. त्याच्या काळजाचे पाणी झाले. उन्हाळ्यात तो बायकोला, राइयाला, घेऊन आला आणि मोठ्या मायेने घराला गुंडाळू लागला. आतून प्लास्टिकचा कागद. बाहेरून फोमच्या जाड पाट्या. एक फट म्हणून सोडली नाही. आईला बर्फात जावे लागू नये म्हणून न्हाणीसुद्धा त्याने घरात आणली, अगदी माझ्या कोपऱ्याला लावून. शेजारचा लाउरी रोज कॉफीला येई आणि तोंडात बोटे घाली. "मलाही शिकव की, बाबा!" इल्याने त्याला सगळे शिकवले.

पुढच्या हिवाळ्यात घर खरोखर उबदार झाले. फक्त पालागा देवाच्या कोपऱ्यातल्या दिव्याकडे पाहून म्हणाली, "ज्योत हलतच नाही रे. घरातला वारा मेला की काय?"

"आई, त्याच्यासाठीच तर मी कंबर मोडून घेतली!"

माझे काय झाले, ते कुणाला दिसले नाही. दर शनिवारी विस्तवावरच्या दगडांवर पाणी पडे. वाफ उसळे आणि विजेच्या तारांसाठी पाडलेल्या भोकांतून माझ्यात शिरे. मी ती प्यालो. पुढच्या शनिवारी पुन्हा प्यालो. बाहेर सोडायला गेलो तर पुढे फोम, मागे वळलो तर प्लास्टिक. मी ओरडू शकत नव्हतो. खालून काळा पडू लागलो. माझ्या शेजारचे खांब, ज्यांनी छप्पर तोलून धरले होते, ते मऊ होत चालले. आणि भिंतीपलीकडे पालागा खोकू लागली.

खोकला उन्हाळाभर हटला नाही. थंडी तोंडावर आली, तेव्हा इल्या म्हणाला, "आई, आता बास. आमच्याकडे चल. हे घर विकून टाकू."

"तुमच्या तिसऱ्या मजल्यावर? मी काय कबूतर आहे?"

"इथं खोकून मरायचंय का?"

"कुठं मरायचं ते देव बघेल. तू भिंत बघ. ती कुजलीय."

"भिंत मी स्वतः बंद केलीय!"

"अरे, नाक तरी लाव," राइया म्हणाली. "तळघरातल्या सडक्या बटाट्यांसारखा वास येतोय. आम्हा दोघींना येतो आणि तुलाच येत नाही?"

इल्या चिडला. "ठीक आहे. उघडतो. कोरडी निघाली तर आई मुकाट्यानं शहरात येणार. ओली निघाली तर लाउरीच्या दारात जाऊन मी सांगेन, की मी तुला चुकीचं शिकवलं. मग तर झालं?"

"झालं," पालागा म्हणाली.

त्याने पहार घातली. फळी निघाली, प्लास्टिक फाटले. मी त्याच्या हातात लगदा होऊन पडलो. त्याने मूठ आवळली, तसे माझ्यातून काळे पाणी गळले. पालागा हसली नाही, "बघ" म्हणाली नाही. "खांब अजून वाचतील," एवढेच म्हणाली आणि कॉफी ठेवायला गेली.

आता ओला भुसा काढून कोरडा भरायचा आहे. प्लास्टिकच्या जागी साधा जाड कागद येईल, फोम निघेल. न्हाणी पुन्हा तळ्यावर जाईल, आणि पाय घसरू नये म्हणून वाटेवर चुलीची राख पसरायची राइयाने ठरवले आहे. पालागा कुठेही जाणार नाही.

मित्रांनो, आपल्या जुन्या घराला ऊब जरूर द्या. मी काही थंडीचा वकील नाही. पण प्लास्टिकच्या कागदाला पहिला खिळा ठोकण्याआधी, आत शिरलेली ओल बाहेर कुठून जाणार, एवढे विचारा. आम्ही भिंतीतली मंडळी गुदमरतो तेव्हा आमचा आवाज येत नाही. खोकला मात्र तुम्हाला लागतो.

भिंत उघडली त्याच दिवशी शेजारून हातोडीचा आवाज येऊ लागला होता. लाउरीने आपले घर तसेच गुंडाळायचे काम सुरू केले होते. इल्याने कॉफी अर्धीच ठेवली. कॉफीच्या रिकाम्या डब्यात त्याने माझी एक ओली मूठ भरली, टोपी घातली, आणि कुणाला काही न सांगता अंगण ओलांडून तो त्या आवाजाच्या दिशेने चालू लागला.