जिवंत हिऱ्यांची पेटी

रविवारी सकाळी सुरतेच्या वराछा भागात, पटेलांच्या वाडीत म्हणजे समाजाच्या सभागृहात, पाय ठेवायला जागा नव्हती. गाठिया-जलेबी पानात तशीच टाकून माणसं धावत आली होती. सगळे हिऱ्याच्या धंद्यातले. सख्ख्या भावाने हिरा दाखवला तरी भिंग काढून चार बाजूंनी फिरवून पाहणारी ही जात. पण आज भिंगं खिशात होती आणि हात जोडलेले होते.

समोर तेजगर बापू बसले होते. डोळ्यांवर भगवी पट्टी, पुढ्यात काळी पेटी आणि पेटीला एक छोटं भोक. खिडक्यांना जाड पडदे लावलेले, आणि गुगळाचा धूर एवढा की शेजारचा खोकला तरच तो शेजारी आहे हे कळावं.

"डोळ्यांनी तर शेळीसुद्धा बघते," बापू म्हणाले. "आम्ही जीव बघतो! भूमातेच्या पोटात युगानुयुगं तप केलेल्या हिऱ्यात जीव असतो. यंत्रात शिजवलेला हिरा म्हणजे निव्वळ मढं. ठेवा, कुणाचा आहे?"

एका दलालाने पेटीतल्या वाटीत अंगठी ठेवली. बापूंनी झाकण लावून वर तळवा दाबला. दलालाने भोकाला डोळा लावला आणि किंचाळला, "निळा! आत निळा उजेड पडलाय!"

"जीव आहे!" बापू गरजले. सगळी वाडी जयजयकारात बुडाली.

वशरामभाईंचा नंबर आला तेव्हा त्यांनी अंगठी दोनदा पुसली आणि मगच वाटीत ठेवली. अठ्ठावीस वर्षं घंटीवर, म्हणजे घासायच्या फिरत्या चाकावर, हिरे घासलेला हा माणूस कुठल्या हिऱ्यापुढे कधी कचरला नव्हता. पण आज अंगठी लेकीची होती. रिंकलचा होणारा नवरा मिलन हिरे बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होता, आणि साखरपुड्याला त्याने स्वतः वाढवलेला हिरा दिला होता. बावीस दिवस पोरगा त्या यंत्रापाशी राबला होता. लग्नाला अकरा दिवस उरले होते.

वशरामभाईंनी भोकातून पाहिलं. आत मिट्ट काळोख.

"अनाथ दगड!" बापू कळवळून म्हणाले. "याला आई नाही रे बाबा! हा हातात घालून मुलगी सासरी गेली तर तिची कूस कशी उजवेल? एक तर हा आमच्याकडे दे, आम्ही तापीमाईला अर्पण करू. नाही तर सोयरीक मोड."

वशरामभाईंनी दगड काही दिला नाही. मिलनच्या वडिलांना मात्र फोन करून सांगितलं, "संध्याकाळी घरी या. थोडं बोलायचंय."

घरी त्यांची बायको मुक्ताबेन ताटं वाढत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पळी भांड्यात आपटली. "मिलन कसा आहे हे कधी मिलनला विचारलंत? ते दगडाला विचारून आलात!"

"तुला काय कळतंय? मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्यांच्या हिऱ्यात उजेड, आपल्या हिऱ्यात अंधार."

रिंकल ताटावरून उठली नाही, रडलीही नाही. ती एका पेढीत हिरे निवडायच्या कामाला होती. तिने फक्त विचारलं, "पप्पा, उजेड कसल्या रंगाचा होता?"

"निळा. एकदम आकाशी निळा."

"आणि सगळ्यांनाच दिसत होता? की दहातल्या दोन-तीन जणांनाच?"

"दोन-तीन. म्हणून तर लोक घाबरलेत."

रिंकल हसली. लग्न मोडायच्या बेतात असलेली मुलगी हसताना पाहून वशरामभाईंना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. ती म्हणाली, "दुपारी पुन्हा बसणार आहेत ना बापू? मी येते. आई, तुझी नाकातली हिऱ्याची चुनी काढून दे. आणि कपडे धुवायची पावडर कुठे ठेवलीस?"

दुपारी गर्दी दुप्पट झाली होती. रिंकलने आधी आईची नाकातली चुनी पेटीत ठेवली. वशरामभाईंनी भोकाला डोळा लावला. आत अंधार.

"काही दिसत नाही," ते पुटपुटले.

"यंत्राचं पाप!" पट्टीआडून बापू म्हणाले.

वशरामभाई ताठ झाले. "बापू, हा हिरा लग्नाच्या वर्षी मी माझ्या हाताने घासला. खाणीतून आलेला कच्चा माल होता. तेव्हा सुरतेत असलं यंत्र कुणी स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं!"

बापू जराही अडखळले नाहीत. "मग घासताना तुझ्या हातून जीव गेला असेल."

कुणीतरी फिसकन हसलं. वशरामभाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या कामाला असं कुणी बोललं नव्हतं.

"बापू, आता हा शेवटचा माल," रिंकल नम्रपणे म्हणाली. तिने हिऱ्यांसाठी घालतात तशी घडी घातलेली कागदाची पुडी काढली आणि ती उलगडून वाटीत रिकामी केली. "बारीक आहे, पण भरपूर आहे."

बापूंनी तळवा दाबला. वशरामभाई भोकाशी वाकले आणि दचकून मागे सरले. "अरे बाप रे! आत दिवाळी चाललीय!"

"बघितलंत?" बापूंचा आवाज चढला. "हजारो जीव! एकेकाचं लाखो वर्षांचं तप! पोरी, हा माल कुठल्या खाणीतला?"

"कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला. कपडे धुवायची पावडर. दहा रुपयांची पुडी."

रिंकलने पडदा सर्रकन बाजूला ओढला आणि पेटीचं झाकण उलटं केलं. आत डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा बसवला होता, नोटा तपासायला असतो तसा. त्याची कळ बरोबर बापूंच्या तळव्याखाली येत होती.

"ओळखलात का?" तिने सगळ्यांना विचारलं. "आमच्या टेबलावर रोज असतो. या दिव्याखाली खाणीतले काही हिरे निळे चमकतात, बाकीचे चमकत नाहीत. लॅबमधलेही काही चमकतात. धुवायची पावडर तर चमकतेच, तिच्यात तसा रंग घातलेला असतो. आणि बाजारात या निळाईला आपण काय म्हणतो?"

"फ्लोरो," मागून एक दलाल ओशाळून म्हणाला. "फ्लोरो दिसला की आम्ही भाव पाडतो."

"म्हणजे सोमवार ते शनिवार जी खोड, तीच रविवारी जीव!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. ज्यांनी सकाळी जयजयकार केला होता तेच सगळ्यात मोठ्याने हसत होते. बापूंनी पट्टी सोडून चपला शोधायला सुरुवात केली, पण वाडीच्या वयस्कर कारभाऱ्यांनी त्यांना प्रेमाने खाली बसवलं. आसनाखालून 'तापीमाईची' थैली निघाली. तिच्यातले मेलेले हिरे ज्याचे त्याला परत मिळाले.

"लॅबचा हिरा आणि खाणीचा हिरा, दोन्ही कोळशाच्याच जातीचे," रिंकल म्हणाली. "एक जमिनीत तयार झाला, एक यंत्रात. लॅबचा स्वस्त पडतो. तो खाणीचा म्हणून विकला तर ती फसवणूक. पण लॅबचा म्हणून सांगून दिला तर त्यात लाज कसली? मिलनने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

संध्याकाळी मिलन आणि त्याचे वडील आले तेव्हा त्यांचे चेहरे उतरलेले होते. आपल्याला कशासाठी बोलावलंय याचा अंदाज त्यांना आला होता. वशरामभाईंनी खिशातलं भिंग काढलं आणि अंगठीतला हिरा पहिल्यांदाच नीट पाहिला. बराच वेळ पाहिला. कुणी चहाला हात लावला नाही.

"दगड तू वाढवलास?" त्यांनी मिलनला विचारलं.

"हो काका."

"दगड स्वच्छ आहे. पण घासला कुणी? या बाजूची कड बोथट राहिलीय." त्यांनी अंगठी रुमालात बांधली. "उद्या मी माझ्या घंटीवर बसून नीट करून देतो. माझी लेक बोथट हिरा घालून मांडवात जाणार नाही. आणि मला माफ कर बाबा."

मुक्ताबेननी डोळे पुसले आणि चहा गरम करायला पुन्हा आत नेला.

मंडळी, वशरामभाई काही मूर्ख नव्हते. त्या वाडीतला एकही माणूस मूर्ख नव्हता. हिरा ओळखण्यात त्यांचा हात धरणारं जगात कोण आहे? चुकलं एवढंच, की समोर भगवी पट्टी दिसताच त्यांनी रोजचा प्रश्न विचारला नाही. व्यापाऱ्याला आपण म्हणतो, पुडी उघड, उजेडात आण, दाखव. चमत्कार दाखवणाऱ्यालाही तेवढंच म्हणा. तो चिडला तर समजा, पेटीत काहीतरी आहे. भिंग त्या दिवशीही सगळ्यांच्या खिशातच होतं, फक्त बाहेर काढायचं राहिलं होतं.