सरपंचाची उन्हाळी मौजमजा

"उद्या एक बी पोरगं रानात दिसलं, तर समुद्राच्या सहलीतनं नाव कापीन," असं चर्चच्या पायऱ्यांवरून बजावून सरपंच तोआदेरने तरुण मंडळाच्या हातात कागद ठेवला. उन्हाळी मौजमजेचा कार्यक्रम म्हणे. पोत्यात पाय घालून पळणे, चमच्यात अंडं धरून पळणे, फुगे फोडणे. पहाटे चारला उठून डोंगरउताराचं गवत कापणारी वीस-वीस वर्षांची पोरं आमची, आणि त्यांनी फुगे फोडायचे.

परवा संत इलियेचा दिवस. त्या दिवशी गवताला हात लावला तर गंजीवर वीज पडते, हे आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरपंचालाही ठाऊक होतं, पण त्याला जिल्ह्याला फोटो पाठवायचे होते.

माझी शेजारीण अनुत्सा शेजारीच उभी होती. नवरा वसंतात गेला. घरात एक गाय, आणि तिचं हिवाळ्याचं सगळं गवत कापून उतारावर पडलेलं. उद्या फुकट हात द्यायला हीच पोरं येणार होती. तिने कोबीत गुंडाळलेल्या भाताचा हंडाही चढवला होता.

"सरपंच, परवा हात लावता येत न्हाई, तेरवा पाऊस. माझं गवत कुजंल की," ती म्हणाली.

"काकी, तरुणांचा इकास बी बघाया पायजे का नको?"

"गाय काय इकास खाती?"

कुणी हसलं नाही. सहल सगळ्यांनाच हवी होती. मला तर पोरांचाही राग आला.

तेवढ्यात मंडळाची प्रमुख इरिनुका पुढे झाली. शिंप्याची पोर, जीभ गोड आणि डोकं तिखट. "सरपंच, पोत्यातल्या पोरांचं फोटू तर समद्याच गावांतनं जात्यात जिल्ह्याला. आपन गंज रचायची शर्यत ठिवू. अन् गंजीवर तुमी उभं. असा फोटू कुनाकडं नसंल."

तोआदेरने हनुवटी चोळली. "माझ्या बी डोक्यात तेच व्हतं," तो म्हणाला.

त्याच्या डोक्यात काय असतं ते अख्ख्या गावाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सगळं मंडळ अनुत्साच्या उतारावर. सारंगीवाला आला, पाच गंजी झरझर उभ्या राहिल्या. सहाव्या गंजीचा मधला खांब रोवला, गवत कमरेएवढं झालं, तेव्हा सरपंच उगवला. इस्त्रीचा सदरा, पॉलिशचे बूट. दोघांनी ढुंगणाला हात देऊन वर चढवला. खांबाला मिठी मारून हसला, इरिनुकाने फोटो काढला.

"झालं. उतरवा आता."

पोरांनी दाताळ्यांनी गवत फेकायला सुरुवात केली. वर जो असतो तो खांबाभोवती फिरत गवत तुडवतो. न तुडवणारा गाडला जातो.

"आरं, थांबा की!"

"शर्यत हाय, सरपंच. तुडवा," इरिनुका म्हणाली.

तो गुडघ्यापर्यंत बुडाला, शिव्या देत एक पाय उचलला, मग दुसरा. गंज चढत गेली तसा तोही वर वर गेला. कुसळं मानेत, बूट कुठे गेले देव जाणे. गावाच्या कारभारात त्याने जन्मात एवढे पाय झिजवले नव्हते. माझं पोट दुखेपर्यंत मी हसलो.

सूर्य डोंगराआड जाताना शेंडा बांधून झाला. खांबाला दोर टाकला, त्यावरून घसरत सरपंच खाली आला, अनवाणी, तळहात सोललेले. पश्चिमेला गडगडत होतं. पण उतारावर गवताची काडी उरली नव्हती.

अनुत्साने इतर कामकऱ्यांसारखाच त्यालाही प्लमच्या दारूचा पेला दिला. त्याने तो एका घोटात संपवला.

"चांगलं तुडवलंत," ती म्हणाली. "म्होरल्या साली सकाळधरनं या. पाच गंजी तुमच्याबिगर रचाव्या लागल्या."