पुढच्या दारावरचं पोळं

छत्तीसगढचं नवं राज्य होऊन अजून वर्ष झालं नव्हतं, पण शालिग्रामची मान तेवढ्यातच ताठ झाली होती. काल-परवापर्यंत जिल्ह्याच्या कचेरीतला बाबू, आता राजधानीतला बाबू! त्याच्या मोहल्ल्यात, रायपूरच्या तात्यापाऱ्यात, कुणाचा नळ गळो की कुणाचं रेशनकार्ड अडो, सल्ला द्यायला हा पहिला. अशा माणसाच्या पुढच्या दारावर, चौकटीच्या बरोबर मध्यभागी, गांधीलमाश्यांनी नारळाच्या वाटीएवढं पोळं लटकवलं आणि सल्लागाराची वाचाच बसली.

एरवी मागच्या दाराने ये-जा करून त्याने दिवाळीपर्यंत रेटलं असतं. पण यंदा महालक्ष्म्या पहिल्यांदाच रायपूरला बसणार होत्या. हात थरथरतात म्हणून त्याच्या अमरावतीच्या आईने दोन्ही पितळी मुखवटे त्याच्या बायकोच्या, वनमालेच्या, ओटीत घातले होते. बावीस वर्षं ती या सणाला सासरी जाऊन नुसत्या पोळ्या लाटत आली होती. यंदा लक्ष्म्या तिच्या उंबऱ्यावरून, तिच्या हाताने आत यायच्या होत्या. नुसत्या विचाराने तिला झोप येत नव्हती.

"बांबूनं एक ठोसा हाना न् पाडा ते पोळं," ती आठ दिवस नवऱ्याला सांगत होती.

"पाडतो ना. साहेबाचा दौरा होऊन जाऊ दे."

कॉलेजात जाणाऱ्या मंजिरीला मराठी सगळी समजे, उत्तर मात्र हिंदीत येई. "आई, पीछे के दरवाजे से ले आओ ना. लक्ष्मी को क्या फरक पड़ता है?"

"मले पडते. मागच्या दारानं मांजर येते."

शालिग्रामचं खरं दुखणं निराळंच होतं. चार वर्षांपूर्वी भनपुरीच्या एका गोदामात कचेरीच्या कामाने गेला असताना, चार लोकांत मर्दुमकी दाखवायला त्याने छत्रीने असंच एक पोळं पाडलं होतं. एकच माशी डसली. दहा मिनिटांत ओठांचे वडे झाले, डोळे मिटले, श्वास घशात अडकला. दवाखान्यात दोन इंजेक्शनं टोचल्यावर जीव परत आला. "पुन्हा डसली तर जिवावर बेतेल," डॉक्टरांनी बजावलं. घरी येऊन त्याने सुजलेल्या तोंडाचं खापर दाढेवर फोडलं, आणि बिचाऱ्या वनमालेने महिनाभर त्याला लवंगेचं तेल लावलं. आता खरं सांगायचं कोणत्या तोंडाने? मरणाची भीती होतीच, पण छत्रीची गोष्ट पाऱ्यात पसरण्याची भीती तिच्याहून काही लहान नव्हती.

महालक्ष्म्या यायच्या त्या सकाळी मात्र त्याने शेजारच्या धर्मपालचं दार ठोठावलं. धर्मपाल रेल्वेत सिग्नलच्या कामावर होता. त्याला सगळं सांगून शालिग्राम म्हणाला, "भाऊ, हसू नको."

"हसून नाही राहिलो. आमच्या सिग्नलच्या डब्यांत पावसाळाभर ह्याच माश्या. तू तिकडं फिरकूच नको. बांबू नाही, पेटता बोळा तर बिलकुल नाही. दिवे लागले की साऱ्या माश्या पोळ्यावर येऊन बसतात, तवा मी येतो. तोवर दार बंद ठेव, अन् पोळ्याखाली गलबला करू नका."

मुहूर्त रात्री साडेआठपर्यंत होता, म्हणजे जमणार होतं. घरी येऊन शालिग्रामने 'धर्मपाल संध्याकाळी काढून देतो' एवढंच सांगितलं. गलबल्याचं त्याने गिळलं, कारण ते सांगितलं की 'काहून?' आलं असतं.

आणि वऱ्हाडातल्या महालक्ष्म्या तर गुपचूप येतच नाहीत. ताटावर चमचा बडवत येतात. चार वाजता वनमालेने रंगीत तालमीसाठी पुढचं दार उघडलं, मंजिरीला उंबऱ्यावर उभं केलं आणि हातात पितळेचं ताट दिलं. "वाजवून दाखव. साऱ्या पाऱ्याले ऐकू गेलं पाहिजे."

पोरगी आईच्या आज्ञेबाहेर नव्हती. तिने ठणाणा वाजवलं.

शालिग्राम आतल्या खोलीत महालक्ष्म्यांवर टांगायचा फुलोरा बांधत होता. ताट ऐकताच त्याने दोरी तशीच सोडली. भ्यालेला माणूस मागच्या दाराने पळतो, हा पुढच्या दाराकडे धावला. डोक्यावर माश्या घोंघावत असताना त्याने दोघींचे दंड धरले, आत ओढलं आणि कडी घातली. एक माशी वनमालेच्या मनगटाला डसलीच. दुसरी आत शिरून शालिग्रामच्या कानाभोवती फिरली आणि भिंतीवर बसली, तशी मंजिरीने ताट उपडं करून तिला चिरडलं.

शालिग्राम मटकन खाली बसला.

"डसली मले, अन् तुमी काहून थरथरून राहिले?" वनमालेने विचारलं.

"मले डसली तर मी मरतो, वनू!" त्याच्या तोंडून निघून गेलं. मग भनपुरी निघाली, छत्री निघाली, इंजेक्शनं निघाली.

"मंग ते दाढ?"

"दाढ नव्हती."

"महिनाभर लवंगेचं तेल लावलं मी!"

"जिभेची चव अजून वापस नाही आली."

वनमाला खो खो हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "अन् मी आठ दिवस म्हणून राहिली, ठोसा हाना. हानला असता तर?" एवढं बोलून तिने त्याचा हात धरला. मनगट सुजत होतं, मंजिरी बर्फ घेऊन उभी होती, तरी तिने तो सोडला नाही.

दिवेलागणीला धर्मपाल आला. अंगात रेनकोट, हातात मोजे, डोक्याला हेल्मेट, गळ्याभोवती टॉवेल आणि, उजेड माश्यांना दिसू नये म्हणून, टॉर्चवर लाल कागद. त्याने अंगणातून, लांबूनच, औषध फवारलं आणि शांतपणे बाजूला झाला. तासाभराने एकही माशी हलेना, तेव्हा पोळं खरवडून पिशवीत घातलं, गाठ मारली आणि जागा फिनाईलने पुसली. बंद खिडकीच्या काचेतून शालिग्राम उंटावरून शेळ्या हाकतच होता, "जरासं डावीकडं, भाऊ!"

"तू अंदर राह्य," धर्मपाल ओरडला. वनमालेने त्याला थांबायचा आग्रह केला, तर म्हणाला, "पूजा तुमची, पुरण माह्यं. उद्या बायकोले घेऊन येतो."

आठ वाजता वनमाला मुखवटे घेऊन पुढच्या दाराबाहेर उभी राहिली. आतून घरधन्याने विचारायचं असतं. शालिग्रामने विचारलं, "महालक्ष्मी आली, काय घेऊन आली?"

"धनधान्य घेऊन आली, लेकरंबाळं घेऊन आली." ठरलेलं उत्तर इथे संपायचं. पण वनमालेने वर मोकळ्या चौकटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अन् माह्या माणसाले आयुष्य घेऊन आली."



"बाबा, थाली बजाओ ना!" मंजिरी म्हणाली.

त्याने तिच्या हातातलं ताट घेतलं, बरोबर चौकटीखाली जाऊन उभा राहिला आणि साऱ्या तात्यापाऱ्याला ऐकू जाईल असं बडवलं.